विषाचा धनी

न्यायमूर्ती हेमलता उईके यांनी आदेशाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मागच्या बाकांवर बसलेली बोरखाजणची माणसं एकमेकांकडे बघू लागली. समोरच्या पडद्यावर मराठी भाषांतर उमटायला थोडा वेळ लागला. ते वाचून रमाकांत मयेकर उठून उभे राहिले. न्यायालयात टाळ्या वाजवायच्या नसतात, हे त्यांच्या बायकोनं शर्ट ओढून त्यांना सांगेपर्यंत त्यांचे दोन्ही हात वर गेले होते.

स्थगिती मिळाली होती. गावावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेत जिवाणू सोडून जमीन साफ करण्याचं जे काम चाललं होतं, ते पुढच्या सुनावणीपर्यंत थांबवायचं होतं. पंप, टाक्या, नळ्या, सगळं.

गावाची बाजू मांडणाऱ्या अॅडव्होकेट शलाका भाटकरने फाइल मिटली. रमाकांत मयेकर तिचे सख्खे मामा. तिचा मुद्दा सरळ होता आणि तो बरोबरही होता: गावाच्या डोक्यावर, गावाच्या विहिरींच्या वरच्या अंगाला एवढा मोठा प्रयोग सुरू झाला आणि ग्रामसभेला कुणी विचारलंसुद्धा नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पुरेशी आहे, असं संशोधन संस्थेनं गृहीत धरलं होतं. न्यायपीठाला ते पटलं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात चहाच्या मशीनपाशी डॉ. निसार मुकादम एकटाच उभा होता. हातातला कप तसाच भरलेला. प्रयोग त्याचा होता. तो आणि शलाका खाडीच्या एकाच काठावर वाढले, एकाच लाँचमधून हायस्कूलला गेले. केस उभी राहिल्यापासून मात्र दोघांनी एकमेकांना साधा मेसेजही केला नव्हता.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"निसार, तू तुझ्या वकिलांशिवाय माझ्याशी बोलू नकोस. बरं दिसत नाही, आणि नियमातही बसत नाही."

"ते म्हणाले, कुणाशीच बोलू नकोस. पंप आजच बंद होणार?"

"आदेश तसा आहे."

"मग ऐक. आपण आत्ता अर्ध्यावर आहोत शलाका. आणि अर्ध्यावर थांबलो, तर खाली जे उरेल ते मुळातल्या विषापेक्षा वाईट असेल."

शलाका चालायला लागली होती, ती थांबली.

---

आरोहण केमिकल्सचा तो कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. यंत्रांचे सुटे भाग धुवायला तिथं एक द्रावक वापरत. ते वापरून झालं की मागच्या खड्ड्यात ओतून द्यायचे. हे द्रावक पाण्यापेक्षा जड. ते जमिनीत मुरतं, पाण्याच्याही तळाशी जाऊन बसतं आणि तिथून पुढची कित्येक वर्षं थोडं थोडं पाझरत राहतं. कोकणातल्या जांभ्या दगडाला भोकंच भोकं. त्या भोकांमधून ते सड्याखालच्या बोरखाजणच्या विहिरींत उतरलं. विहिरींवर लाल फळ्या लागल्या, टँकर सुरू झाले, आणि एखादी सोयरीक जुळत आली की पलीकडची माणसं हळूच विचारू लागली, "तुमच्याकडे पाणी कुठलं?"

निसारने खाडीच्या खाजणातल्या काळ्या चिखलात एक जिवाणू शोधून काढला. आपण जसा ऑक्सिजनवर श्वास घेतो, तसा हा या द्रावकातल्या क्लोरीनवर घेतो. द्रावकाच्या प्रत्येक रेणूला क्लोरीनचे तीन अणू चिकटलेले असतात. जिवाणू ते एकेक करून उपटतो. तिन्ही निघाले की मागे उरतो साधा इथिलीन वायू. आंब्याच्या अढीत फळ पिकतं ते त्याच वायूमुळे. हे जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून त्यांना साखर कारखान्यातल्या मळीचं पातळ पाणी पंपाने पाजावं लागतं. याच कुळातले जिवाणू जगात इतरत्रही सापडले होते. निसारच्या जिवाणूचं वैशिष्ट्य असं, की तो कोकणातल्या उष्ण, आंबट मातीत टिकायचा आणि वर्षांचं काम महिन्यांत उरकायचा.

अडचण एकच होती. तीनपैकी दोन अणू निघाले आणि एक उरला, की त्या रेणूचा व्हिनाइल क्लोराइड होतो. तो मूळ द्रावकापेक्षा जास्त घातक असतो, यकृताचा कर्करोग करतो आणि पाण्याबरोबर जास्त वेगाने पळतो. पंप चालू असला तर जिवाणू तो शेवटचा अणूही उपटून टाकतात. मळी थांबली की उपाशी जिवाणू आधी हेच शेवटचं काम सोडून देतात.

"हे तू आत सांगायला हवं होतंस," शलाका म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "न्यायमूर्तींच्या समोर. माझ्यासमोर काय सांगतोस?"

"सांगितलं असतं तर कलम अठरा लागलं असतं."

तिला एका क्षणात सगळं लक्षात आलं. घातक अवशेषांच्या कायद्यातलं अठरावं कलम तिला तोंडपाठ होतं: ज्याच्या कृतीने विष जागचं हललं किंवा त्याचं रूप बदललं, तो यापुढे त्या विषाचा धनी समजला जाईल. कलम लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या काळी कंपन्या स्वच्छतेच्या नावाखाली एका गावातला कचरा उचलून दुसऱ्या गावात नेऊन टाकत, त्याला आळा घालायचा होता. पण कलमाचा परिणाम असा झाला, की विषारी जागांना कुणी बोटही लावेना. डॉक्टरने जखमेला हात लावला तर जखम डॉक्टरची ठरणार असेल, तर जखमा धुणार कोण? राज्यभरात अशा कितीतरी जागा कुंपण घालून नुसत्या ठेवून दिल्या होत्या.

व्हिनाइल क्लोराइड म्हणजे बदललेलं रूप. निसारने त्याचा उच्चार करायचा अवकाश, आरोहणचे वकील उठून म्हणाले असते, बघा, हे नवं विष आमचं नाही. कंपनी सुटली असती, गावाचा तिच्याविरुद्धचा सतरा वर्षांचा दावा कोसळला असता आणि एकट्या निसारच्या गळ्यात सगळी जमीन पडली असती. म्हणून त्याच्या वकिलांनी त्याला गप्प बसवलं होतं. आणि तो गप्प बसला म्हणून न्यायमूर्तींनी काहीही कल्पना नसताना त्याचा पंप बंद केला होता.

"आता हे मला सांगितलंस," शलाका सावकाश म्हणाली. "मी उद्या हेच तुझ्याविरुद्ध वापरू शकते."

"वापर. पण आधी त्या पंपाचं काहीतरी कर."

---

सड्यावरच्या बोअरमध्ये निसारच्या संस्थेनं मोजमापाच्या सुया सोडल्या होत्या. त्यांचे आकडे कुणालाही मोबाइलवर बघता येत. आतापर्यंत गावातल्या कुणीही ते उघडून बघितले नव्हते. त्या आठवड्यात शलाका रोज बघू लागली. द्रावकाची रेघ होती तिथेच थांबली. तिच्या खालची व्हिनाइल क्लोराइडची तांबडी रेघ मात्र हळूहळू चढत निघाली.

रविवारी ती बोरखाजणला गेली. मामा ओटीवर बोटीच्या इंजिनाचा पंप उघडून बसले होते. इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि आरोहणविरुद्धचा दावा हा त्याहून मोठा धंदा. दर तारखेला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते रत्नागिरीला जात. तारखा पडत, वकील बदलत, कंपनीची मालकी बदले, मामा तेच राहत. शेवटी भाचीच वकील झाली.

तिने सगळं सांगितलं. मोबाइलवरची तांबडी रेघ दाखवली.

मामांनी रेघेकडे फार वेळ बघितलंही नाही. "निसारने सांगितलं ना हे? मुकादमांचा पोर हुशार आहे. तुला बरोबर गाठलं त्यानं."

"मामा, हे खरं आहे. मी दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांना विचारून खात्री केली."

"असेल खरं. पण बाय, मला एक सांग. ते किडे काय खातात?"

"विष."

"विष नाही खात. ते पुरावा खातात." मामांनी हातातला पाना खाली ठेवला. "सतरा वर्षं मी काय सांगत आलो? आमच्या जमिनीत बघा, आमच्या जमिनीत बघा. कंपनी म्हणते आम्ही काही ओतलंच नाही, ओतलं असेल तर थोडंसं. उद्या जमीन साफ झाली, की तेच लोक येऊन म्हणतील, दाखवा कुठं आहे ते. मग मी काय दाखवू? खड्डा? म्हणून मी म्हटलं थांबवा. ज्यानं घाण केली त्यानं ती काढायची. सगळ्यांच्या देखत काढायची."

शलाकाला पहिल्यांदाच कळलं की ग्रामसभेचा मुद्दा हा मामांसाठी नुसता दरवाजा होता. खरं भांडण आतल्या खोलीत होतं.

सुलभामामी दारात उभी राहून ऐकत होती. टँकरची वेळ झाली होती, हातात दोन रिकामे हंडे होते.

"केस जिंकल्यावर विहिरीत काय उतरवणार आहात?" तिने विचारलं. "निकालाची प्रत?"

"तू यात पडू नकोस."

"पाण्याला मी जाते. पाण्यात मीच पडलेली आहे, लग्न झाल्यापासून." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मला कंपनीला शिक्षा झालेली बघायचीय. पण ही पोरगी म्हणते पाण्यात आता आणखी वाईट काहीतरी उतरतंय, आणि ते आपण थांबा म्हटल्यामुळे उतरतंय. ते खाडीत जाईल. खाडीतली मासळी आपणच विकतो. मग कुणाविरुद्ध दावा लावाल?"

ती हंडे घेऊन निघून गेली. मामा बराच वेळ इंजिनातली एकच चकती पुसत राहिले.

"बाय," ते शेवटी म्हणाले, "पुरावा राहतो का, एवढंच मला कळलं पाहिजे. राहत असेल, तर तू म्हणशील तिथं सही करतो. राहत नसेल, तर मला विचारू नकोस. माझ्यानं हो म्हणवणार नाही."

"मग तू स्वतःच विचार निसारला."

---

निसारची प्रयोगशाळा शहराबाहेर, जुन्या मत्स्य विद्यालयाच्या आवारात होती. मामा पांढरा शर्ट घालून आले. निसारने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. शलाकाने निसारच्या वकिलांनाही बोलावून घेतलं होतं. ते कोपऱ्यात घड्याळाकडे बघत बसले होते आणि दर दोन वाक्यांनंतर "याचं उत्तर देऊ नका" असं म्हणत होते.

"तू आम्हाला विचारलं का नाहीस?" मामांनी पहिला प्रश्न केला. शलाकाला तो अपेक्षित नव्हता.

निसारही गोंधळला. "मला वाटलं, काम चांगलं आहे. झालं की लोकांना कळेलच."

"आरोहणवाले पण तेच म्हणायचे. कारखाना येऊ दे, मग कळेल किती चांगला आहे ते."

"याचं उत्तर—" वकिलांनी सुरुवात केली.

"चुकलं माझं," निसार म्हणाला. "माझ्या अब्बांनाही मी विचारलं नव्हतं, आणि त्यांची विहीर तर पहिली आहे उतारावर."

मामांनी मग खुर्ची घेतली.

पुराव्याचं निसारने असं समजावलं. निसर्गात कार्बनचे अणू दोन वजनांचे असतात, हलके आणि किंचित जड. जड अणू थोडेच असतात. हलक्या अणूने बांधलेला रेणू तोडायला सोपा, म्हणून जिवाणू आधी तेच जास्त तोडतात. जड रेणू मागे राहतात. जितकं खाऊन होईल तितकं उरलेलं जड होत जातं, आणि ते ठरलेल्या प्रमाणात होतं. म्हणजे उरलेल्याचं वजन तपासलं तर किती खाल्लं गेलं हे उलट्या बाजूने काढता येतं. सुरुवातीला किती होतं, तेही.

मामा म्हणाले, "पंगत उठल्यावर पातेल्यात मागे नुसती माशांची डोकी आणि शेपट्या राहिल्या, तर मधले तुकडे किती गेले हे वाढप्याला कळतं. तसं?"

"अगदी तसं."

"आणि काम सुरू करायच्या आधी तू जी माती काढून ठेवली असशील, ती?"

"आहे, गोठवून ठेवली आहे. पण ती माझ्या फ्रीजमध्ये आहे. कंपनी म्हणेल मी भेसळ केली. हे वजनाचं मात्र कुणाच्या फ्रीजमध्ये नाही, जमिनीतच आहे. त्यांच्या माणसाने येऊन मोजलं तरी तेच उत्तर येणार. आपण थांबवलं नाही तर जिवाणू जसजसे खातील, तसतशी साक्ष देत जातील."

"मग हे तू आम्ही स्थगिती मागितली तेव्हाच का नाही बोललास?"

निसारने कोपऱ्यातल्या वकिलांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"किती खाल्लं हे सांगायचं म्हणजे मी खायला घातलं हे कबूल करायचं," निसार म्हणाला. "आणि मधल्या टप्प्यावर काय तयार झालं, तेही."

आता सगळं शलाकाच्या टेबलावर येऊन पडलं होतं. स्थगिती उठवायची तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की निसार विषाचा धनी होणार. त्याच्या कबुलीशिवाय अर्ज उभा राहत नव्हता, आणि कबुली दिल्यावर तो स्वतः उभा राहील की नाही याची तिला खात्री नव्हती. तिने त्याला हे स्पष्ट सांगितलं. संस्था हात वर करेल, हेही सांगितलं.

"तू माझ्या बाजूची वकील नाहीस," निसार म्हणाला. "मग मला एवढं समजावून का सांगतेस?"

"कारण तुझे वकील तुला फक्त गप्प बस म्हणतायत. मी तुला बोल म्हणणार आहे. त्याची काय शिक्षा आहे हे आधी सांगायला नको?"

त्याने प्रतिज्ञापत्रावर सही केली. मामांनी गावाच्या वतीने अर्जावर केली. त्याच संध्याकाळी संस्थेनं निसारला प्रकल्पातून मोकळं केलं आणि त्याच्याशी आपला संबंध नसल्याचं पत्रक काढलं.

---

आपणच मिळवलेली स्थगिती उठवा म्हणून अर्ज करणाऱ्या वकिलाकडे न्यायालय जरा वेगळ्या नजरेनं बघतं. न्यायमूर्ती उईके यांनी अर्ज दोनदा वाचला.

"मिस भाटकर, आधी तुम्ही म्हणालात हे काम धोक्याचं आहे. आता म्हणता थांबणं धोक्याचं आहे."

"दोन्ही खरं आहे, महोदया. फक्त दुसरी गोष्ट तुमच्यासमोर आली नाही. ती का आली नाही, तेच मला दाखवायचं आहे."

आरोहणचे वकील राजाध्यक्ष उठले. ते वयस्कर होते, मृदू बोलत, आणि त्या दिवशी फारच खुशीत होते. त्यांनी निसारच्या प्रतिज्ञापत्रातलं एक वाक्य मोठ्यांदा वाचलं. मग कलम अठरा वाचलं. "रूप बदललं. हे डॉक्टरसाहेब स्वतःच सांगतायत. कायद्याच्या भाषेत यापुढे या विषाचे धनी तेच. माझ्या अशिलाचं नाव या प्रकरणातून वगळावं, इतकीच विनंती."

मागच्या बाकांवर गाव बसलं होतं. सतरा वर्षं आपण ज्या वाक्याला घाबरत होतो ते हेच, असं मामांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शलाका उठली. तिने कलमाच्या भाषेवर वाद घातला नाही. तिने न्यायमूर्तींना तांबडी रेघ दाखवली. "स्थगितीच्या दिवसापासून ही चढते आहे. या न्यायपीठानं पंप थांबवल्यामुळे विषाचं रूप अर्ध्यावर अडकलं. विद्वान वकिलांचा अर्थ मान्य केला, तर त्या दिवसापासून या विषाचा धनी कोण? हे न्यायपीठ?"

राजाध्यक्ष घाईने म्हणाले, "महोदया, असं कुणी सुचवत नाही."

"त्या सुचवतायत," न्यायमूर्ती म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "बोला पुढे."

"आणि मी? अर्ज माझा होता. आणि हे मयेकर, ज्यांनी सही केली? जो कुणी या विषाजवळ जाईल, चांगल्या हेतूने किंवा न कळत, त्या प्रत्येकाला हे कलम धनी करत जातं. सुटतो फक्त एक जण. ज्यानं ते ओतलं आणि मग हात झटकून बाजूला झाला तो. कायदा करणाऱ्यांना हे हवं होतं असं मला वाटत नाही."

मग तिने वजनाच्या पुराव्याबद्दल सांगितलं. आरोहणने आपल्या पसंतीची कुठलीही प्रयोगशाळा पाठवावी, गाव तिला अडवणार नाही, असं लेखी दिलं.

न्यायमूर्तींनी रमाकांत मयेकरांना पुढे बोलावलं. "तुम्ही आधी विरोध केला होता. आता यांच्यावर विश्वास बसला?"

मामा थोडे अडखळले. "विश्वास म्हणजे... पूर्ण नाही, मॅडम. म्हणून आमची एक अट आहे. पंपाच्या खोलीची एक किल्ली गावाकडे पाहिजे. आकडे आम्हीपण बघणार. यानं आम्हाला विचारायला पाहिजे होतं, ते आता रोज विचारावं लागेल."

निसार हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच.

आदेश दुपारनंतर आला. स्थगिती उठली; संस्थेनं सोडलं असलं तरी काम निसारनेच पुढे न्यायचं. एक किल्ली ग्रामसभेकडे, गोठवलेल्या मातीचे नमुने न्यायपीठाच्या ताब्यात. कलम अठराबद्दल न्यायमूर्ती उईके यांनी लिहिलं की देखरेखीखाली, निरुपद्रवी शेवटापर्यंत नेण्यासाठी चाललेल्या उपचाराच्या मधल्या टप्प्याला 'रूप बदलणं' म्हणता येणार नाही. खाली त्यांनी आणखी एक परिच्छेद जोडला: शब्दांना यापेक्षा जास्त वाकवणं हे न्यायालयाचं काम नाही. पुढचं काम विधिमंडळाचं आहे आणि ते त्यांनी करावं.

राजाध्यक्ष जाता जाता शलाकापाशी थांबले. "न्यायपीठ धनी, हा मुद्दा चांगला होता. मी वरच्या कोर्टात जाणार आहे, हे वेगळं."

---

पंप सुरू झाला तेव्हा गावातली निम्मी माणसं सड्यावर होती. काहीच घडलं नाही. नळीतून मळीचं तपकिरी पाणी खाली गेलं आणि सुयांचे आकडे तसेच राहिले. उपाशी जिवाणूंना सावरायला वेळ लागतो, असं निसारने आधीच सांगितलं होतं. तरी तांबडी रेघ आणखी वर जायला लागली तेव्हा लोकांचा धीर सुटला. निसारच्या अब्बांच्या विहिरीवर सर्वांत आधी नवा फलक लागला. मामांना रस्त्यात अडवून लोक विचारू लागले, "किल्ली तुमच्याकडे आहे ना? मग बंद करा की."

मामांनी पंप बंद केला नाही. पण त्या दिवसांत ते फारसं जेवतही नव्हते, असं मामीने शलाकाला फोनवर सांगितलं.

आणि मग एका सकाळी मामांचाच फोन आला. "बाय, हे आकडे खाली आले की चांगलं ना?"

"कुठले?"

"तांबडे."

"किती खाली?"

"थोडेच. पण काल पण थोडे आले होते. मी काल सांगितलं नाही. म्हटलं उगाच नजर लागेल."

त्यानंतर रेघ उतरत राहिली, आणि तिच्याखाली एक नवी, इथिलीनची रेघ चढू लागली. निसारने ग्रामसभेत ती समजावली. अढीतल्या आंब्याचा वायू म्हटल्यावर मागे बसलेल्या बायकांपैकी एकीने विचारलं, "मग आता सड्यावर आंबे ठेवले तर लवकर पिकतील काय?" सगळी सभा हसली. निसारही हसला, आणि मग त्याने गंभीरपणे, इतकासा वायू पुरणार नाही, हे समजावून सांगितलं.

कायदा बदलायला मात्र जिवाणूंपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. न्यायमूर्तींचा तो परिच्छेद विधिमंडळाच्या समितीपर्यंत पोचला. उद्योगांच्या संघटनेला कलम अठरा पूर्णच काढून टाकायला हवं होतं. काही चळवळीतल्या लोकांना त्याला हात लावलेला नको होता. कंपन्या त्याच फटीतून निसटतील अशी त्यांची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. शलाका मसुदा घेऊन दोन्ही बाजूंकडे फिरली. शेवटी जे ठरलं ते कुणालाच पूर्ण आवडलं नाही: जो स्वच्छ करायला येईल त्याला संरक्षण, पण ग्रामसभेची संमती, खुले आकडे आणि आधी जपलेला पुरावा या अटींवर. ज्याने विष ओतलं तो मात्र कुणी साफ केलं तरी सुटणार नाही. खर्च त्याच्याकडूनच वसूल होणार. कंपन्या समुद्रात जो कचरा सोडतात त्यालाही शलाकाने मसुद्यात धरलं होतं, पण तो विषय समितीने बाजूला ठेवला. शलाकाला त्याचं वाईट वाटलं. तो तिने पुढच्या अर्जासाठी राखून ठेवला.

आरोहणने पाठवलेल्या प्रयोगशाळेनंही तेच वजन मोजलं. कंपनीच्या अहवालातलाच आकडा शलाकाने कंपनीविरुद्ध मांडला आणि गावाचा दावा जिंकला. राजाध्यक्ष शब्दाला जागून वरच्या कोर्टात गेले आहेत. पण विहिरींचा निकाल त्याआधी लागला. वरच्या अंगाच्या विहिरी सुरू झाल्या. खालच्या दोन अजून बंद आहेत. सुलभामामीची सुरू आहे. पहिल्या दिवशी तिने त्या पाण्याने अंगण शिंपलं, भांडी घासली, आणि प्यायला मात्र पुढचा आठवडाभर टँकरचंच पाणी घेतलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "सवय व्हायला नको?"

निसारला दुसऱ्या विद्यापीठाने बोलावून घेतलं. नव्या कायद्याखालची पहिली जागा सोलापूरकडची होती, एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागची. तिथल्या ग्रामसभेची संमती घ्यायची होती. निसारने शलाकाला येतेस का विचारलं. तिने विचार केला आणि स्वतःऐवजी मामांचं नाव सुचवलं.

मामा पांढरा शर्ट घालून गेले. शलाका त्यांना गाडीतून घेऊन आली होती, पण ती मागे, कडुनिंबाखाली बसली. मंदिरासमोरच्या मंडपात दोनशे माणसं असतील. निसार बोलायला उभा राहताच पुढच्या रांगेतली एक बाई उठली. डोक्यावरचा पदर तिने कमरेला खोचला होता.

"तुम्ही कुणाची माणसं?" तिने विचारलं. "कंपनीची का सरकारची? इतकी वर्षं आमची पोरं ते पाणी प्याली तेव्हा कुठं होता? आता साफ करून पुरावा मिटवायला आलात होय?"

निसारने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग स्वतः खुर्ची उचलून मंचावरून खाली उतरले, ती त्या बाईच्या समोर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"मी रमाकांत मयेकर, बोरखाजणचा. मी पण पाणी पिणाऱ्यातलाच," ते म्हणाले. "आधी तुम्ही बोला, ताई. सगळं बोला. आम्ही आज मुक्कामाला आलोय."

बाईने त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग ती बोलू लागली, आणि तिच्यामागून एकेक करून बाकीची माणसंही.